बेघरांना छप्पर देणारे कर्मयोगी : श्री संत गाडगेबाबा

वर्धा नदीच्या दोन्ही तीरांवरील भूमी ही संतांच्या पावलांनी पुनीत झालेली भूमी आहे. पलतीरावर रुक्मिणीमातेचे माहेर म्हणून ओळखले जाणारे कौंडण्यपूर, तर ऐलतीरावर आष्टी, आर्वी, पुलगाव, देवळी या बाजूची गावे. कार्तिकात ऐलतीरावरची माणसे कौंडण्यपुराला जातात आणि आषाढात या भागातील वारकरी पंढरीची वाट धरतात. शेकडो कोसांच्या त्या वाटेवर दिवस मावळला म्हणजे वारकऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो आसऱ्याचा. लेकरू कोठे निजवावे, म्हाताऱ्या आईला कोठे टेकू द्यावे, पावसाची सर आली तर पीठमीठ कोठे झाकावे, ही चिंता त्याच्या मनाला लागते. वारकऱ्याची ही चिंता दहा-वीस दिवसांची असते. परंतु ज्याला घरच नाही त्याला ती बाराही महिने असते. ही चिंता ज्या सत्पुरुषाने आपल्या जिवाला लावून घेतली, आणि खिशात दमडी नसताना लोकांच्याच हातून लोकांसाठी छपरे उभी करून घेतली, ते कर्मयोगी म्हणजे वैराग्यमूर्ती श्री संत गाडगेबाबा होत. मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या मंगलप्रसंगी त्यांच्या चरित्राचे स्मरण करणे उचितच ठरेल.

बालपणीच हरवलेले घर

गाडगेबाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या लहानशा खेड्यात परिटाच्या घरी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी त्यांचा जन्म झाला. आईचे नाव सखूबाई. घरची स्थिती सुरुवातीला अगदीच हलाखीची नव्हती. पण झिंगराजींना दारूचे व्यसन जडले आणि त्या व्यसनाने हळूहळू घर पोखरले. गुरे गेली, भांडी गेली, शेवटी प्रकृतीही गेली. डेबू आठ वर्षांचा असताना, १८८४ साली, वडिलांनी जगाचा निरोप घेतला.

पदरी लहान लेकरू, घरात दाणा नाही आणि गावात आधार नाही, अशा अवस्थेत सखूबाईने लेकराचा हात धरून माहेरची वाट धरली. मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे हे तिचे माहेर. भाऊ चंद्रभानजी यांनी बहिणीला आणि भाच्याला आपल्या घरात सामावून घेतले. त्या दिवशी मामाचे दार उघडले नसते तर या मायलेकरांची रात्र कोठल्या झाडाखाली गेली असती कोणास ठाऊक. पुढे साऱ्या महाराष्ट्रात निराधारांसाठी दारे उघडून देणारा हा पुरुष स्वतः बालपणी दुसऱ्याच्या दारात आधारासाठी उभा राहिला होता, ही गोष्ट त्यांचे चरित्र वाचताना ध्यानात ठेवली पाहिजे.

दापुऱ्याचे दिवस

दापुऱ्यास डेबू मामाची गुरे राखू लागला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. पहाटे उठावे, गोठा झाडावा, गुरे रानात न्यावीत, सायंकाळी परत आणावीत आणि रात्री भजनात टाळ धरून बसावे, असा त्याचा नित्यक्रम होता. अंगापिंडाने तो दणकट निघाला. पुढे वावराची सारी कामे त्याने अंगावर घेतली. पेरणी असो, डवरणी असो की कापणी असो, डेबूजीचा हात लागला की काम दुप्पट होई, अशी त्याची ख्याती पंचक्रोशीत झाली. १८९२ साली कुंताबाईंशी त्याचा विवाह झाला आणि संसार सुरू झाला.

परंतु सुखाचे दिवस फार टिकले नाहीत. चंद्रभानजी सावकाराच्या कर्जात अडकले. वऱ्हाडात त्या काळी ही गोष्ट घरोघरची होती. अक्षरओळख नसलेला कुणबी कागदावर अंगठा उठवी, त्या कागदात काय लिहिले आहे ते त्याला कळत नसे, आणि एके दिवशी वडिलोपार्जित वावर सावकाराच्या नावे झालेले असे. चंद्रभानजींची जमीन अशीच गेली आणि त्या धक्क्याने ते खचून मरण पावले. जमिनीचा ताबा घेण्यास सावकाराची माणसे आली तेव्हा डेबूजी एकटा वावरात आडवा उभा राहिला. या प्रसंगाने त्याच्या मनावर दोन गोष्टी कोरल्या गेल्या. घर बुडते ते कर्जाने, व्यसनाने आणि अज्ञानाने, ही पहिली. बुडालेल्या घरातील माणसांना गावाने हात दिला नाही तर ती देशोधडीला लागतात, ही दुसरी. पुढील पन्नास वर्षांच्या त्यांच्या कीर्तनाचा सारा गाभा या दोन अनुभवांत सापडतो.

पहिल्या मुलीच्या बारशाला त्या काळच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटणाचे जेवण द्यावे लागे, आणि त्यासाठी गरीब माणूस हमखास कर्ज काढी. डेबूजीने तो रिवाज मोडून भाऊबंदांना गोडाधोडाचे जेवण वाढले. जातीतील मंडळी रुसली, कुरकुरली. डेबूजी मात्र डगमगला नाही.

गृहत्याग

१ फेब्रुवारी १९०५ या दिवशी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, डेबूजीने भल्या पहाटे घर सोडले. मागे आई, पत्नी व लेकरे होती. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती काठी आणि खाण्यापिण्यासाठी एक मातीचे फुटके गाडगे, एवढाच त्याचा संसार उरला. तेच गाडगे तो डोक्यावर टोपीसारखे घाली आणि त्यातच मिळालेली भाकरी खाई. त्यावरून लोक गाडगेबुवा म्हणू लागले. कोणी चिंधेबुवा म्हणत, कोणी वेडा समजून हुसकून लावीत. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, पायांत दोन तऱ्हेची पायताणे, असे त्यांचे रूप पाहून पोरे मागे लागत.

सुमारे बारा वर्षे त्यांनी अशी भ्रमंती केली. कोणाचे ओझे उचलून द्यावे, कोणाच्या वावरात तण काढावे, चिखलात रुतलेल्या गाडीला खांदा लावावा, आणि मोबदल्यात फक्त चटणी-भाकरी घ्यावी. काम झाले की पुढचे गाव. या बारा वर्षांत उघड्यावर झोपणे म्हणजे काय असते ते त्यांनी अंगाने भोगले. थंडीच्या रात्री देवळाच्या ओवरीतून हाकलून दिल्यावर कसे वाटते, पावसात गोठ्याच्या वळचणीला उभे राहावे लागले म्हणजे मनात काय येते, हे त्यांना पोथीतून शिकावे लागले नाही. बेघर माणसाला भाकरीपेक्षाही अपमान अधिक सलतो, हे त्यांनी या काळात ओळखले. म्हणूनच पुढे त्यांनी उभारलेल्या वास्तूंत आश्रयाला येणाऱ्याची विचारपूस होई, हेटाळणी होत नसे.

ऋणमोचनचा घाट

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे तीर्थक्षेत्र आहे. पौष महिन्याच्या रविवारी तेथे यात्रा भरते. त्या काळी नदीचा काठ म्हणजे निव्वळ चिखल आणि निसरडा उतार होता. स्नानाला उतरणाऱ्या म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्या बाया घसरून पडत. येणारे जाणारे ते पाहत आणि पुढे जात. गाडगेबाबांनी मात्र कुदळ-फावडे घेऊन उतार खोदण्यास आरंभ केला. एक वेडा एकटाच खपतो आहे हे पाहून आधी लोक हसले, मग थबकले, मग त्यांतील काही जणांनी पाटी उचलली. १९०८ च्या सुमारास तेथे पक्का घाट उभा राहिला. पुढे लक्ष्मीनारायणाचे मंदिरही झाले.

लोकांपुढे हात पसरण्यापूर्वी आपला हात कामाला लागलेला दिसला पाहिजे, ही बाबांची रीत येथे प्रथम दिसून आली. वर्गणीची वही त्यांच्या बगलेत कधीच नसे, त्यांच्या हाती असे तो खराटा. कोणत्याही गावात गेले की प्रथम ते गल्ल्या झाडीत, गटारे उपशीत, देवळापुढचा केरकचरा काढीत. सायंकाळपर्यंत सारे गाव त्यांच्यामागे झाडू घेऊन उभे राही, आणि मग रात्री कीर्तन होई. ज्या माणसाने आपल्या दारापुढची घाण काढली, त्याने रात्री मागितलेली गोष्ट नाही म्हणण्याची छाती कोणाची होणार!

पंढरीच्या वाळवंटात

आषाढी एकादशी भर पावसाळ्यात येते. लाखो वारकरी पंढरपुरात जमतात. ज्यांचा पैसाअडका आहे, ज्यांच्या जातीचे मठ आहेत, त्यांची सोय होते. परंतु त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील वारकऱ्यांना मठाची पायरी बंद, धर्मशाळेची पायरी बंद आणि देवळाचीही पायरी बंद. बायकापोरांसह त्यांनी चंद्रभागेच्या वाळवंटात पडून राहावे, नदीला पाणी चढले की गाठोडी उचलून वर पळावे आणि भिजलेल्या पिठाची भाकर थापावी. चोखोबांचे अभंग गाणाऱ्या पंढरीत चोखोबांच्या लेकरांची ही दशा होती.

गाडगेबाबा दरवर्षी पंढरीला जात, पण गाभाऱ्यात दर्शनाला जात नसत. त्यांचा विठोबा वाळवंटात भिजत पडलेला असे. ते घाट झाडीत, वारकऱ्यांची सेवा करीत आणि रात्री वाळवंटात कीर्तन करीत. या कीर्तनातूनच धर्मशाळेची मागणी पुढे आली आणि १९१७ च्या सुमारास पंढरपुरात संत चोखामेळ्यांच्या नावाने धर्मशाळेचे काम उभे राहिले. त्या काळी धर्मशाळादेखील जातवार असत. ज्याला सर्वांत जास्त गरज आहे आणि ज्याला सर्वांनी नाकारले आहे, त्याच्यापासून बाबांनी आरंभ केला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पुढे ही वास्तू त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. छपराखाली रात्र काढणाऱ्यांच्या मुलांनी त्याच छपराखाली अभ्यास करावा, यापरते तिचे सार्थक ते कोणते!

त्यानंतर हे काम वाढतच गेले. पंढरपुरास मराठा धर्मशाळा झाली. १९२५ साली मूर्तिजापूर येथे गोरक्षण, धर्मशाळा आणि विद्यालय उभे राहिले. नाशिक, त्र्यंबकेश्वर, देहू, आळंदी अशा तीर्थांच्या ठिकाणी धर्मशाळा झाल्या. कोठे सदावर्त, कोठे आंधळ्या-पांगळ्यांना अन्नदान, कोठे स्वयंपाकासाठी भांडी, अशी त्यांची व्यवस्था असे. मुंबईस तर तीर्थ नव्हते, पण तेथे रुग्णालये होती. खेड्यातील माणूस आजाऱ्याला घेऊन मोठ्या दवाखान्यात जातो, आजाऱ्याला खाट मिळते आणि बरोबर आलेली बायकामुले फुटपाथवर पडतात, हे बाबांनी पाहिले. त्यांच्यासाठी १९५४ साली जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात धर्मशाळा झाली. रोग जात पाहत नाही, तशी ही धर्मशाळाही जात विचारीत नव्हती. त्याच वाटेने बाबांच्या पश्चात मुंबईतील दादर येथेही धर्मशाळा झाली. टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेणाऱ्या गोरगरिबांना व त्यांच्या नातलगांना तेथे आसरा मिळतो. वऱ्हाड-नागपूर भागातील किती कुटुंबांनी तेथे कठीण दिवस काढले असतील याची गणती नाही.

लोकवर्गणी कशी उभी राहिली

एका निरक्षर, चिंध्या पांघरणाऱ्या माणसाच्या शब्दाखातर लाखो रुपयांच्या वास्तू कशा उभ्या राहिल्या, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. गावकऱ्यांनी व देणगीदारांनी यातून पुष्कळ घेण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे बाबांनी पैशाला कधी हात लावला नाही. कीर्तनात ते मागत, पण रक्कम जाई ती कामाची देखरेख करणाऱ्या जबाबदार माणसांकडे. चुना, वीट, लाकूड यांचा हिशेब चोख राहिला पाहिजे यावर त्यांचा कटाक्ष असे. सार्वजनिक पैशातील एक कपभर चहासुद्धा आपल्या पोटात जाणे त्यांना पाप वाटे.

दुसरी गोष्ट, त्यांनी फक्त श्रीमंतांपुढे झोळी धरली नाही. धनिकाने धन द्यावे, शेतकऱ्याने धान्य द्यावे, गाडीवानाने दगडाच्या खेपा टाकाव्यात, गवंड्याने एक दिवसाची मजुरी सोडावी, आणि ज्याच्याजवळ काहीच नाही त्याने पाणी वाहावे. त्यामुळे वास्तू उभी राहिली की ती कोणा एका शेठजीची होत नसे, साऱ्यांची होई. जिच्यात आपला घाम जिरला आहे तिची भिंत पडू द्यावी असे कोणालाही वाटत नाही.

तिसरी गोष्ट, त्यांचे कीर्तन हे एकतर्फी व्याख्यान नसे. ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत, त्यांच्याच तोंडून उत्तर काढीत आणि ते उत्तर त्यांच्याच पदरात घालीत. नवसाला बकरे कापण्यात किती पैसा गेला, लग्नात किती कर्ज झाले, दारूच्या गुत्त्यात वर्षाला किती ओतले, असा जमाखर्च भर सभेत मांडला जाई. माणसे हसत, मग गप्प होत, मग खाली मान घालीत. त्या वाचलेल्या पैशात एखाद्या निराधाराच्या डोक्यावर पत्रा पडू शकतो, एखादे पोर शाळेत जाऊ शकते, हे त्यांना आपसूक उमजे. बाबांचे म्हणणे असे की देव शोधायचा तर तो गरिबात शोधावा. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा आणि गरिबाच्या मुलाला शिक्षण देणे हाच त्यांच्या लेखी रोकडा धर्म होता.

चौथी गोष्ट सर्वांत मोलाची आहे. कोणतीही वास्तू त्यांनी स्वतःच्या मालकीची ठेवली नाही. काम पुरे झाले की ते विश्वस्तांच्या ताब्यात देऊन बाबा पुढच्या गावी निघत. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही असे ते निक्षून सांगत. पाया पडणाऱ्याच्या पाठीत काठी बसे. या सर्व संस्थांचा कारभार नीट चालावा म्हणून ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली.

स्वतःचे घर

एवढ्या धर्मशाळा उभारणाऱ्या या पुरुषाने आपल्या कुटुंबासाठी मात्र एक खोलीही घेतली नाही. कुंताबाईंनी झोपडीत दिवस काढले. धर्मशाळेची पक्की खोली मोकळी असली तरी ती वाटसरूंची, घरच्यांची नव्हे, असा बाबांचा दंडक होता. स्वतः बाबाही धर्मशाळेत आले तर बाहेर झोपडीत किंवा झाडाखाली पथारी टाकीत. कुंताबाईंच्या वाट्याला आलेले हे कष्ट लहान नव्हते. संताच्या थोरवीचे मोल पुष्कळदा त्याच्या घरची माणसे मुकाट्याने चुकती करीत असतात, आणि म्हणून बाबांच्या स्मरणाबरोबर त्या माउलीचेही स्मरण करणे हे आपले कर्तव्य आहे.

१९२३ साली कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना मुलगा गोविंद वारल्याची वार्ता आली. बाबा क्षणभर थांबले आणि पुन्हा कीर्तन सुरू झाले, असे सांगतात. याला कोणी कठोरपणा म्हणेल. परंतु समोर बसलेल्या हजारो माणसांत आपले लेकरू गमावलेली किती तरी माणसे असतील, हे जाणणाऱ्याचे दुःख स्वतःपुरते राहत नाही.

वर्ध्याच्या भूमीतील याच वाटेचे प्रवासी

बाबांनी ज्या काळात हे काम केले त्याच काळात वर्धा जिल्ह्यातही त्याच दिशेने पावले पडत होती. १९२८ साली शेठ जमनालालजी बजाज यांनी वर्ध्याचे आपले लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी खुले केले. देवाचे दार सर्वांसाठी उघडावे यासाठी स्वकीयांचा रोष पत्करणारा तो प्रसंग या जिल्ह्याचे भूषण आहे. पुढे १९३६ साली विनोबाजींचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरोग्यांच्या सेवेचे काम सुरू केले. रोग जडला म्हणून ज्यांना घरच्यांनी बाहेर काढले, गावाने वेशीबाहेर लोटले, त्यांना दत्तपुरात औषध मिळाले, काम मिळाले आणि राहावयास घर मिळाले. बाबा आमटे यांनीही कुष्ठसेवेचे पहिले पाठ तेथेच घेतले.

एकाने मंदिराचे दार उघडले, दुसऱ्याने टाकून दिलेल्यांना घर दिले. गाडगेबाबांनी वाटेवरच्या आणि वाळवंटातल्या माणसाला छप्पर दिले. तिघांचे मार्ग निराळे, पण ज्याला कोणी नाही त्याला आत घ्यावे ही तळमळ एकच.

शेवटचा प्रवास

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईस वांद्रे येथील पोलीस ठाण्याच्या आवारात बाबांचे कीर्तन झाले. ते त्यांचे अखेरचे कीर्तन ठरले. शरीर थकले होते, आजार बळावला होता. त्यातच ६ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महानिर्वाण झाले. बाबासाहेबांवर गाडगेबाबांचा फार लोभ होता. तो आघात त्यांना सहन झाला नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, मोटारीतच त्यांची प्राणज्योत मालवली.

हजारोंच्या डोक्यावर छप्पर धरणाऱ्या महात्म्याने शेवटचा श्वास घेतला तो रस्त्यावर, नदीच्या पुलावर. मागे ना घर, ना वावर, ना पेटी. अमरावतीस त्यांची समाधी आहे आणि त्या वसाहतीला गाडगेनगर हे नाव आहे. पुढे अमरावतीच्या विद्यापीठालाही त्यांचे नाव दिले गेले. शासनाने ग्रामस्वच्छता अभियानही त्यांच्याच नावे सुरू केले. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाचे नाव विद्यापीठावर चढले, हा त्यांच्या कर्तृत्वाचा केवढा गौरव!

जीर्णोद्धाराच्या निमित्ताने

गाव एकत्र येते, वर्गणी जमते, गवंडी-सुतार राबतात आणि पडके देऊळ पुन्हा उभे राहते, ही आनंदाची गोष्ट आहे. गावाची एकी अजून शाबूत आहे याची ती खूण होय. परंतु ज्या वर्षी देवाच्या डोक्यावर नवा कळस चढतो त्याच वर्षी गावाच्या वेशीवर एखाद्या कुटुंबाच्या डोक्यावर फाटकी ताडपत्री असेल, तर त्या कळसाचे तेज तेवढे उणे पडते, असेच गाडगेबाबांचे चरित्र सांगते.

अशी कुटुंबे डोळे उघडे ठेवून पाहिले तर सर्वत्र दिसतात. कापूस वेचणीच्या हंगामात परमुलखातून आलेले मजूर, वीटभट्टीवर लेकरांसह राबणारी जोडपी, वर्षानुवर्षे पाल ठोकून राहणारे भटके बांधव, नवऱ्यामागे सासरहून बाहेर पडलेली आणि माहेरीही जागा नसलेली एखादी लेकुरवाळी, पुरात भिंत खचलेला म्हातारा, सेवाग्रामच्या दवाखान्यात आजारी माणसाला घेऊन आलेले आणि रात्रीची गाडी चुकलेले खेडूत. सरकारी घरकुलाच्या योजना आहेत हे खरे. परंतु ज्याच्या नावे हातभर जागा नाही त्याला घरकुल मिळविताना पहिली अडचण जागेचीच येते, आणि ती अडचण दूर करण्यास ग्रामसभेची व गावातील चार भल्या माणसांची साथ लागते. तोपर्यंत त्या कुटुंबाने पावसाळा कोठे काढावा?

बाबांच्या हिशेबाने याचे उत्तर अवघड नाही. देवळाच्या आवारात एक पक्की खोली असावी. तिला कडी-कोयंडा असावा, म्हणजे आतील बाईला निर्धास्त झोप येईल. जवळ पाण्याचा नळ आणि संडास असावा, एक दिवा असावा, चार घोंगड्या व स्वयंपाकाची भांडी असावीत. किल्ली एका जबाबदार घरी ठेवावी. कोण आले, किती दिवस राहिले याची वही असावी आणि खर्चाचा हिशेब दर एकादशीला देवळात वाचून दाखवावा. जात विचारू नये. ज्याला देणगी देणे शक्य नाही त्याने वर्षातून दोन दिवस ती खोली झाडून, सारवून, चुना लावून द्यावी. एवढे झाले तर त्या गावात बाबा येऊन गेले असे समजावे, कारण त्यांचा पुतळा उभारण्यापेक्षा हे काम त्यांना अधिक आवडले असते.

देऊळ ही गावाची माउली आहे. माउलीच्या घरी रात्री-अपरात्री कोणी दार ठोठावले तर ती आधी दिवा मोठा करते, मग कोण आहे ते विचारते. आठ वर्षांच्या डेबूला घेऊन सखूबाई ज्या दारात उभी राहिली होती ते दार त्या दिवशी उघडले, आणि महाराष्ट्राला गाडगेबाबा मिळाले. गावाच्या दारात उभ्या असलेल्या लेकरांतून उद्या कोण निपजेल हे आज कोणालाही ठाऊक नाही. दार उघडे ठेवणे मात्र गावाच्या हाती आहे.

वैराग्यमूर्ती श्री संत गाडगेबाबांच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन!